अवघड जागेचे दुखणे

'अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य' ही म्हण आपल्याकडे लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. ती ऐकली की आपण हसतो. त्या बिचाऱ्या सासऱ्याची अडचण डोळ्यांपुढे उभी राहते आणि हसू आवरत नाही. पण ते दुखणे नेमके कोणते होते, सासऱ्याने ते किती दिवस अंगावर काढले आणि शेवटी त्याचे झाले काय, हे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ते विचारण्याचे मी ठरवले आहे.

मी डॉक्टर नाही, वैद्य नाही, इतिहासाचा पंडित तर नाहीच. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका शाळेत मुले शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. कादंबरीकाराला दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची खोड असते. या वेळी मात्र स्वतःच्याच घरात डोकावण्याचा प्रसंग आला, आणि त्यातून हा लेख झाला.

फराळाचे ताट पुढ्यात असताना असला विषय काढावा काय, अशी शंका सुज्ञ वाचकांना येईल. मलाही आली होती. पण दोन गोष्टींनी ती फिटली. दिवाळी अंक हा घरातल्या एकट्यादुकट्याचा नसतो. आजोबांच्या आरामखुर्चीपासून शाळकरी पोराच्या उशीखालपर्यंत तो फिरतो. जे दुखणे घरात कोणी कोणाला सांगत नाही, त्याची गोष्ट सांगायला अशी सर्वांच्या हाती जाणारी जागाच बरी. दुसरे असे की, दिवाळीतला एक दिवस धन्वंतरीचा आहे. धनत्रयोदशीला वैद्य मंडळी ज्याची पूजा करतात, त्या धन्वंतरीने काशीराज दिवोदासाच्या रूपाने सुश्रुताला शल्यविद्या शिकवली, असे सुश्रुतसंहिता सांगते. त्या शिकवणीत या अवघड जागेच्या दुखण्यालाही जागा आहे. जे सांगताना धन्वंतरीला संकोच वाटला नाही, ते ऐकताना आपल्याला का वाटावा?

पण सुश्रुताकडे जाण्याआधी घरची हकीकत सांगितली पाहिजे.

आमच्या वऱ्हाडात वडिलांच्या थोरल्या भावाला मोठे बाबा म्हणतात आणि त्यांच्या बायकोला मोठी आई. आमचे घर मेहकर तालुक्यात, पैनगंगेच्या काठचे. मोठे बाबा अंगाने धिप्पाड, आखाड्यात उतरणारे, चार माणसांत मान असलेले. १९६४ साली त्यांचे लग्न झाले. पुढच्या वर्षी शिमग्याच्या सुमारास गावात गालगुंडाची साथ आली. गल्लीतल्या पोरांबरोबर मोठ्या बाबांचेही गाल फुगले. बायकांनी गेरूचा लेप लावला, थोडी थट्टाही केली. चार-पाच दिवसांत गाल उतरले आणि सगळे म्हणाले, सुटला. त्याच रात्री त्यांना पुन्हा सणकून ताप भरला. मग आठ दिवस ते गोठ्याशेजारच्या खोलीत पडून होते. घरात एवढेच कळले की ताप उलटला. खरे काय ते फक्त न्हाव्याला ठाऊक होते. त्याने तंबाखूचे पान गरम करून बांधायला दिले आणि कोणापाशी बोलणार नाही अशी शपथ घेतली. ती त्याने मरेपर्यंत पाळली.

मोठ्या आईला मूल झाले नाही. वर्षे गेली तशी बोलणी सुरू झाली. शेगावला गजानन महाराजांच्या समाधीपर्यंत ती पायी गेली. लोणारच्या सरोवराकाठी कमळजा देवीची ओटी तिने किती वेळा भरली याची गणती नाही. सैलानीच्या यात्रेत नारळ दिला. कोणाचे डोहाळजेवण असले की तिला स्वयंपाकघरात काम सांगत, आणि ओटी भरायच्या वेळी तिची हाक कोणाला आठवत नसे. मोठ्या बाबांनी दुसरी बायको केली नाही, म्हणून गावाने त्यांच्या थोरपणाची तारीफ केली. ती तारीफ मोठ्या आईच्या देखत होई आणि तीही मान हलवून दुजोरा देई.

२०११ साली मोठे बाबा गेले. जाण्याआधी महिनाभर मी त्यांच्या उशाशी बसत असे. एका दुपारी, खोलीत दुसरे कोणी नसताना, ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "गालगुंड आलं होतं ना बापू, तवा खाली सुजलं होतं. दोन्ही बाजूंनं. कोणाले सांगतलं नाही." पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही. त्या एका वाक्याचा अर्थ लावण्यात माझी कित्येक वर्षे गेली.

अर्थ लावायला निघालो तो प्रथम जुन्या ग्रंथांकडे. निर्णयसागर छापखान्याची सुश्रुतसंहितेची एक जीर्ण प्रत एका वैद्यबुवांच्या कपाटात मिळाली आणि त्यांनीच शेजारी बसून ती मला समजावून दिली. निदानस्थानाच्या बाराव्या अध्यायात तीन रोग एकत्र घेतले आहेत: वृद्धी, उपदंश आणि श्लीपद. म्हणजे वृषणाची सूज, स्त्रीपुरुषसंगातून येणारे व्रण आणि हत्तीपाय. वृद्धीचे सात प्रकार दिले आहेत. वात, पित्त, कफ, रक्त, मेद, मूत्र आणि आंत्र अशी त्यांची नावे. यातली आंत्रवृद्धी म्हणजे आपण ज्याला अंतर्गळ म्हणतो ती. मूत्रवृद्धी म्हणजे पाणी साठून होणारी सूज. तिचे लक्षण असे दिले आहे की माणूस चालू लागला की ती पाण्याने भरलेल्या पखालीसारखी हिंदकळते. ज्याने हे लिहिले त्याने रोग्याला चालवून पाहिले असले पाहिजे, याविषयी मला शंका नाही.

आणि पित्तवृद्धी? तिला उपमा पिकलेल्या उंबराची. लाल, तापलेली, आग होणारी, ज्वर आणणारी आणि लवकर पिकणारी. आजचा डॉक्टर ज्याला वृषणाचा किंवा अधिवृषणाचा दाह म्हणतो, त्याचे एवढ्या थोड्या शब्दांत याहून नेटके वर्णन मला कोठे आढळले नाही. वैद्यबुवांनी तो भाग वाचून दाखवला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे गोठ्याशेजारची ती खोली आली. आमच्या दारातच उंबराचे झाड होते.

उपचारही नुसते पाल्याचे नव्हते. पित्तवृद्धीवर थंड लेप, आणि पिकल्यास शस्त्राने फोडून शोधन. मूत्रवृद्धीवर शेक देऊन, मधल्या शिवणीला धक्का न लावता, तिच्या बाजूने खालच्या अंगाला व्रीहिमुख शस्त्राने छेद घ्यावा, म्हणजे भाताच्या दाण्यासारख्या टोकाच्या शस्त्राने. मग दोन्हीकडे तोंडे असलेली नळी घालून पाणी काढावे आणि वर घट्ट बंध बांधावा. रोग्याने घोड्यावर बसू नये, व्यायाम करू नये, स्त्रीसंग वर्जावा, मलमूत्राचे वेग अडवू नयेत, अशी पथ्येही सांगितली आहेत. आंत्रवृद्धीसाठी कानाजवळची शीर टोचण्याचा एक उपाय आहे, आणि तोही उलट बाजूने: सूज उजवीकडे तर टोचणे डावीकडे. आज त्या टोचण्याला कोणी उपचार म्हणणार नाही. पण आमच्या गावात लहानपणी कानाची वरची पाळ टोचलेले दोन म्हातारे होते आणि 'अंतर्गळासाठी टोचलंय' असे ते उघडपणे सांगत. म्हणजे ग्रंथातली विद्या विसरली तरी तिची एक खूण कानात उरली होती.

मला नवल वाटले ते या विद्येचे नव्हे, तिच्या मोकळेपणाचे. गुरू शिष्यांना सांगतो आहे, शिष्य ऐकत आहेत, आणि डोळ्याच्या किंवा हाडाच्या रोगाबद्दल जसे बोलावे तसेच या रोगाबद्दल बोलणे चालले आहे. कोणी कोणाकडे पाहून हसत नाही.

असाच मोकळेपणा ग्रीक लोकांतही दिसतो. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात थासोस नावाच्या बेटावर एक साथ आली. तिची हकीकत हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथात आहे. कानांजवळ सूज येई, कधी एका बाजूला, कधी दोन्ही. ती पिकत नसे, आपोआप उतरे. रोगी बहुतेक पोरे आणि तरुण पुरुष, त्यातही आखाड्यात जाणारे अधिक. बायकांना क्वचितच. आणि त्यांपैकी काहींना पुढे वृषणात दुखरी सूज आली. सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे हे टिपण वाचताना माझ्या अंगावर काटा आला. गाल, मग वृषण. आणि आखाडा! माझे मोठे बाबा थासोस बेटावर भेटतील असे मला कधी वाटले नव्हते.

पुढे स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट हॅमिल्टन नावाच्या डॉक्टराने एडिंबरोच्या विद्वत्सभेपुढे याच गोष्टीवर निबंध मांडला. गालगुंडाचे कारण एक अतिसूक्ष्म विषाणू आहे, हे अमेरिकेत जॉन्सन आणि गुडपाश्चर या दोघांनी १९३४ साली सिद्ध केले. लस यायला मात्र १९६७ साल उजाडले. मॉरिस हिलमन या शास्त्रज्ञाची मुलगी गालगुंडाने आजारी पडली, त्याने तिच्याच घशातून विषाणू घेतला आणि त्यापासून ती लस तयार केली. मोठ्या बाबांच्या तापानंतर दोन वर्षांनी, आणि तीही सातासमुद्रापलीकडे. आपल्याकडे २०१७ साली सरकारने गोवर आणि रुबेला यांची जोडलस देशभर द्यायला आरंभ केला, तेव्हाही गालगुंडाचा त्यात समावेश नव्हता. पोरांचा खेळकर आजार म्हणून आपण त्याची थट्टाच करीत आलो. पोरांना तो सहसा खेळकरच असतो. पण वयात आलेल्या पुरुषाला झाला तर चार-पाचांपैकी एकाला तो वृषणात उतरतो, बहुधा एकाच बाजूला, कधी दोन्ही.

आता त्या जागेची रचना थोडी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. वृषणाच्या पाठीशी एक लांबट गाठोडे चिकटलेले असते. मराठी परिभाषेत त्याला अधिवृषण म्हणतात. ते म्हणजे एकच एक बारीक नळी आहे, गुंडाळून गुंडाळून बसवलेली. उलगडली तर जवळजवळ ६ मीटर, म्हणजे सुमारे २० फूट भरते. आमच्या कापसाच्या मुलखात दिवाळीसाठी वाती वळताना बायका सुताचे जसे बारीक वेटोळे करतात, तसे ते वेटोळे. वृषणात तयार झालेले शुक्राणू या नळीतून वाट काढीत पुढे जातात आणि या प्रवासातच त्यांना बळ येते. हॉलंडच्या रेनिए द ग्राफने १६६८ साली या अवयवांवर ग्रंथ लिहिला. त्याच देशातल्या लेव्हेनहूकने १६७७ साली आपल्या भिंगाखाली शुक्राणू प्रथम पाहिले. लंडनच्या अ‍ॅस्टली कूपरने १८३० साली वृषणाची रचना आणि त्याचे रोग यांवर एक मोठे पुस्तकच छापले. ही नळी सुजली, आतून पिकली आणि बरी होताना तिचे तोंड लिंपले गेले, तर त्या बाजूची वाट बंद. दोन्हीकडे तसे झाले तर संततीची आशा सरली. गालगुंडाचा घाला मात्र नळीपेक्षा वृषणाच्या गाभ्यावरच अधिक पडतो.

एवढे ज्ञान जगाजवळ होते. मग ते पैनगंगेच्या काठी का पोहोचले नाही? अंतर फार म्हणून? तसे म्हणवत नाही. खामगावची रेल्वे १८७० साली सुरू झाली. रुई मँचेस्टरला जात होती आणि कापड परत येत होते. न पोहोचण्याचे कारण वेगळे आहे. या दुखण्याशी मधल्या काळात एक शब्द जोडला गेला: परमा.

परमा हा संगातून येणारा रोग. लघवीची आग, पू, आणि उपचार न झाल्यास तो मागे सरकून अधिवृषणात उतरतो. त्याचा जंतू १८७९ साली जर्मनीत आल्बर्ट नायसरने शोधला. तरुण माणसाला ही सूज आली की त्याला परमा झाला असणार, म्हणजे तो बाहेरख्याली असणार, असा हिशेब लोक करू लागले. खरे पाहता वाटा अनेक आहेत. परमा ही एक. तशीच संगातून येणारी क्लॅमिडिया नावाच्या जंतूची दुसरी, जी डॉक्टरांनाही १९७० नंतरच नीट कळली. उतारवयात मूत्राचा मार्ग अडून साचलेल्या मूत्रात आतड्यातले जंतू वाढतात, ही तिसरी. क्षयही तेथे घर करतो. पण लोकांच्या हिशेबात एकच वाट उरली, आणि ती बदनामीची. मग देवभोळा, एकपत्नी माणूसही दुखणे झाकू लागला.

सरकारनेही यात भर घातली. इंग्रजांच्या छावण्यांतून सोल्जरांना हे रोग फार होत. त्यावर १८६८ साली कायदा केला तो असा की, बाजारबसव्या बायकांची नोंद करायची आणि त्यांना सक्तीने तपासायचे. सोल्जराला तशी सक्ती नव्हती. खूप आरडाओरड झाल्यावर १८८८ साली तो प्रकार बंद झाला. रोग दोघांचा, तपासणी मात्र बाईची! हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. आमच्या घरातही निराळे काय झाले होते?

हे मौन फोडायला महाराष्ट्रात एक माणूस उठला, त्याचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. या मासिकात लोक कोणापाशी विचारता येत नाहीत ते प्रश्न पत्राने विचारीत आणि कर्वे त्यांची छापील उत्तरे देत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. तरीही कर्व्यांना दंड झालाच. कर्व्यांची सगळी मते मला पटतात असे नाही. पण १९६५ साली त्या मासिकाचा एखादा जुना अंक आमच्या गावी असता आणि मोठ्या बाबांनी तो गोठ्याशेजारच्या खोलीत चोरून वाचला असता, तर काय झाले असते, हा विचार अजूनही माझा पाठलाग करतो.

दुखणे सगळ्यांचे असले की मौन सुटते, हेही आपण पाहिले आहे. पूर्व विदर्भात हत्तीरोगाने वृषणाची पाणवृद्धी झालेले पुरुष पूर्वी गावोगाव दिसत. तेथे ती झाकण्यासारखी राहिलीच नाही, इतकी मोठी आणि इतक्यांना. त्या रोगाची सूक्ष्म अळी रोग्यांच्या रक्तात असते हे लुईसने १८७२ साली कलकत्त्यात पाहिले आणि डास तिचा वाहक आहे हे मॅन्सनने १८७७ साली चीनमध्ये दाखवले. तिच्यावरचे औषध १९४७ साली अमेरिकेत निघाले ते येल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या तेलुगू शास्त्रज्ञाच्या हाताखाली. १९५५ साली भारत सरकारने हत्तीरोगाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम काढली. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याच्या निदानावर पुष्कळ काम झाले. आमच्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस भराभर गळू लागले. आठवड्याभरात डॉक्टर आले, पाण्याचे नमुने गेले, दिल्लीहून शास्त्रज्ञ आले, वर्तमानपत्रे भरून गेली. केस गळाले हे सांगायला कोणाला लाज वाटली नाही, म्हणून सरकार धावले. जे सांगितलेच नाही त्याच्यासाठी कोण धावणार?

आता थोडे स्वतःविषयी. तीन वर्षांमागे, मार्चमध्ये, परीक्षेच्या दिवसांत मला लघवीला जळजळ होऊ लागली. पेपर चालू असताना वर्ग सोडता येत नाही, म्हणून मी पाणीच कमी प्यायचो. तिसऱ्या दिवशी उजव्या बाजूला दुखू लागले, संध्याकाळी ताप आला, सूज दिसली. इतकी पुस्तके चाळलेला मी! पण बायकोला सांगितले, कंबर धरली आहे. दोन दिवस तसाच शाळेत गेलो. तिसऱ्या दिवशी तिने सरळ विचारले, "तुम्ही पाय फाकवून का चालता?" तेव्हा कोठे मी बोललो. तिने रिक्षा आणली.

डॉक्टर तरुण होते, जवळजवळ माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. जावई नव्हते एवढेच. त्यांनी पहिला प्रश्न केला, "दुखणे एकदम आले की हळूहळू?" या प्रश्नाचे मोल मला नंतर कळले. हळूहळू, दोन-तीन दिवसांत वाढणारे, ताप आणि जळजळ बरोबर घेऊन येणारे दुखणे बहुधा दाहाचे. त्याला जंतुनाशक औषधे आहेत. १९५५ पासून पुण्याजवळ पिंपरीच्या कारखान्यात पेनिसिलिन बनू लागले, तेव्हापासून असली औषधे आपल्या दाराशी आली. लघवीची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली, चौदा दिवसांची औषधे, विश्रांती आणि लंगोटासारखा आधार. सुश्रुताचा बंध आणि सुश्रुताचीच पथ्ये! सूज पुरती उतरायला काही आठवडे गेले. उतरली.

पण दुखणे एकदम आले, विशेषतः बारा ते अठरा वर्षांच्या मुलाला, झोपेतून उठवणारे, ओकारी आणणारे, तर तो दाह नव्हे असेच आधी धरून चालावे. वृषणाला पीळ पडतो, रक्त तुटते आणि घड्याळ सुरू होते. सुमारे सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर बहुधा वाचते. दिवस उलटला तर बहुधा गमवावे लागते. मुलगा लाजून 'पोटात दुखते' म्हणतो, आई ओवा देते, आणि रात्र निघून जाते. डॉक्टर म्हणाले, अशी मुले सकाळी येतात. त्यांनी ते अगदी शांतपणे सांगितले. माझ्या मात्र डोळ्यांपुढे नववीचा वर्ग उभा राहिला.

तेव्हापासून मी दरवर्षी एक तास मोकळा काढतो. मुलांना गालगुंडाची, उंबराची आणि पखालीची गोष्ट सांगतो आणि शेवटी म्हणतो, तेथे दुखले तर त्याच घटकेला घरी सांगा, घरी सांगवत नसेल तर मला सांगा, रात्री दोन वाजले असले तरी सांगा. पहिल्या वर्षी मुले खिदळली. मीही हसलो आणि पुढे बोलत राहिलो. दहा मिनिटांनी हसू संपले आणि प्रश्न सुरू झाले.

राहता राहिली मोठी आई. गालगुंडाने वृषणे सुजली म्हणजे मूल होतच नाही, असे मुळीच नाही. बहुतेकांना होते. दोन्ही बाजू सुजून पूर्ण वंध्यत्व येणे हे विरळाच. मोठ्या बाबांचे तसे झाले असेल, नसेलही. १९६५ साली गालगुंडावर औषध नव्हते आणि आजही त्या विषाणूवर नाही. डॉक्टरला दाखवल्याने सूज फार लवकर उतरली असती असेही नव्हे. पण एक गोष्ट करता आली असती. तीनशे वर्षांपूर्वी लेव्हेनहूकने भिंगाखाली जे पाहिले, ते कोणीतरी एकदा पाहायचे होते. पाच मिनिटांचे काम. मग जे असेल ते दोघांचे दुःख झाले असते. मौनाने ते एकटीच्या पदरात टाकले आणि त्यावर गावाने वांझ हा शब्द शिवला.

हा लेख छापायला देण्याआधी तिला विचारणे भाग होते. मोठी आई आता ऐंशीला टेकली आहे. ऐकू कमी येते, म्हणून मी तिच्या खाटेजवळ बसून मोठ्याने वाचले. मोठ्या बाबांचे ते वाक्य आले तेव्हा थांबलो. एवढी वर्षे मी ते तिच्यापासून लपवले होते. मौनाची परंपरा मीही चालवलीच होती. वाटले, ती रडेल. किंवा त्यांना बोल लावेल, आणि तो लावण्याचा तिला अधिकार होता.

ती बराच वेळ हातातल्या कापसाची वात वळीत राहिली. मग म्हणाली, "लय दुखलं असन रे त्याईले." आणि थोड्या वेळाने, "मले सांगतलं असतं तं म्या शेकून देल्लं असतं."